मीटर शहाणा, फीडर अडाणी

थ्री फेज लाइन यायची वेळ झाली की चिक्कोडी-रायबागकडच्या उसाच्या पट्ट्यात खटाखट आवाज होतात. एका टीसीवरच्या (शिवारातला ट्रान्सफॉर्मर) पंधरा पंपमोटारींचे ऑटो, म्हणजे लाइन येताच मोटार आपोआप चालू करणारे डबे, एकाच क्षणी स्टार्टर ओढतात. टीसी ६३ केव्हीएचा. त्याच्या खालच्या बाजूची क्षमता साधारण ८४ अँपिअर. पाच एचपीची मोटार चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, म्हणजे पंधरा मोटारी मिळून एकशे दहा. हिशेब इथेच चुकलेला आहे. त्यात मोटार उठताना पाच-सहा पट करंट ओढते. पंधराही एकदम उठल्या की सहाशे अँपिअरचा धक्का. व्होल्टेज धाडकन खाली येतं, काही स्टार्टर थरथरत सुटतात, पुन्हा ओढतात, एखादा फ्यूज जातो. फ्यूज सारखाच जातो म्हणून कुणीतरी त्या जागी ॲल्युमिनियमची जाड तार पिळून टाकतो, आणि पुढच्या खेपेला फ्यूज शाबूत राहून टीसीच जळतो.

‘स्मार्ट ग्रिड’ (स्वतःवरचा भार मोजून त्याप्रमाणे चालणारं वीजजाळं) हा शब्द ऐकला की आधी हा टीसी आठवावा. देशात या शब्दाचा अर्थ सध्या घरोघरच्या मीटरपाशी येऊन थांबलाय. २०२१ साली केंद्राने वितरण सुधारणेची जी मोठी योजना आणली तिचं ठळक लक्ष्य होतं २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर. महाराष्ट्रात २०२४ मध्ये त्यावरून लोक रस्त्यावर आले. कर्नाटकात २०२५ मध्ये बेंगळुरूकडे नव्या जोडण्यांना स्मार्ट मीटर सक्तीचा झाला आणि सिंगल फेज मीटरची किंमत जवळपास पाच हजार का, यावर रान पेटलं. दोन्हीकडे भांडण मीटरचं. मीटरच्या मागे जी तार आहे, जो टीसी आहे, जो अकरा केव्हीचा फीडर (सबस्टेशनातून टीसींपर्यंत वीज नेणारी लाइन) आहे, त्याबद्दल कुणी भांडत नाही. बेळगाव जिल्ह्यात तरी पैसा आणि अक्कल आधी तिथे लागली पाहिजे, घरचा मीटर सगळ्यात शेवटी. सौर आणि पवन वीज जसजशी वाढेल तसतसा हा क्रम चुकवणं महागात जाईल.

वरच्या पातळीवर आपली वीजव्यवस्था बरीच शहाणी झालेली आहे, हे मान्य करायला हवं. सीमाभागाला तर हा फरक कळायला हवा, कारण वीजजाळ्याची हद्दसुद्धा इथूनच जात होती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं जाळं बाकीच्या देशाशी एका ठोक्यात (वारंवारतेत), पन्नास हर्ट्‌झवर बांधलं गेलं. त्याआधी कोल्हापूर-चिक्कोडी आणि कोल्हापूर-बेळगाव या २२० केव्हीच्या लाइनी उभ्या होत्या, पण दोन्ही टोकं एकाच वेळी जोडता येत नव्हती. इकडचा थोडा भार तिकडच्या जाळ्यावर टांगायचा किंवा तिकडचा इकडे, एवढाच त्यांचा उपयोग. आज धारवाडजवळच्या नरेंद्रहून कोल्हापूरकडे मोठी लाइन गेलेली आहे, ठोका ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे, दर पंधरा मिनिटांचा, म्हणजे दिवसाच्या ९६ भागांचा हिशेब होतो, उद्या किती ऊन आणि किती वारा याचा अंदाज बेंगळुरूत बसून काढला जातो. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडचा २,०५० मेगावॅटचा सौर पार्क या शहाणपणावर चालतो.

खाली उतरलं की मात्र अंधार. ३३ केव्हीच्या सबस्टेशनातून निघालेला शेतीचा फीडर दहा-पंधरा किलोमीटर पुढे कुठल्या टीसीवर किती भार वाहतोय हे कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. हेस्कॉमच्या (इथली सरकारी वीजवितरण कंपनी; लोकांच्या तोंडी आजही ‘केईबी’च आहे) एकूण विकलेल्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज शेतीच्या पंपांना जाते. २००८ पासून दहा एचपीपर्यंतच्या पंपांना ती फुकट आहे. फुकट आहे म्हणून मीटर नाही, मीटर नाही म्हणून आकडा अंदाजाचा, आणि त्या अंदाजावर सरकारकडून अनुदान मागायचं. अंदाजाचा हा डोंगर एकदा उभा राहिला की त्याच्या आड गळती आणि चोरी दोन्ही लपतात. यात शेतकऱ्यावर ठपका ठेवणं सोपं आहे. पण हा अंदाज शेतकरी काढत नाही.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक शेती फीडरला आणि त्यावरच्या प्रत्येक टीसीला मीटर. पंपाला मीटर बसवायला गेलात तर गावात शिरू देणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. एका फीडरवर चारशे पंप असतील तर टीसी तीसेक असतात. चारशे मीटरऐवजी तीस. ६३ केव्हीएच्या टीसीला १००/५ चे सीटी (करंट मोजायचे छोटे ट्रान्सफॉर्मर), एक मीटर, एक फोरजीचा मोडेम. दर पंधरा मिनिटांनी तिन्ही फेजांचा करंट आणि व्होल्टेज आलं की कुठला टीसी रोज दुपारी १३० टक्के भारावर आहे, कुठे एकाच फेजवर सगळं लोंबकळतंय, कुठल्या टोकाला ४१५ ऐवजी ३३० व्होल्ट पोचतंय हे दिसायला लागतं. व्होल्टेज कमी असलं की तेवढंच पाणी उपसायला मोटार जास्त करंट ओढते, तापते, वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगवाल्याकडे मोटारींची रांग लागते ती याचमुळे. शेतकऱ्याची ‘फुकट’ वीज त्याला तिथे महाग पडते.

यात चुकतं कुठे, तेही सांगायला हवं, कारण टीसीला मीटर बसवण्याचे प्रयत्न नवे नाहीत. मीटर बसतात आणि दोन वर्षांत मुके होतात. सीटीचे स्क्रू सैल राहतात, मग एक फेज शून्य दाखवतो आणि वापर एक-तृतीयांश कमी दिसतो. पेटीचं दार तुटतं. मोडेमचं सिमकार्ड रिचार्ज न झाल्याने बंद पडतं. हसू येईल, पण असं होतं. जांबोटी-कणकुंबीच्या घाटाकडे नेटवर्कच धड नाही. तिथे मीटरने महिनाभराची नोंद पोटात ठेवावी आणि लाइनमनने मोबाईलवर उतरवून घ्यावी, हे फोरजीच्या हट्टापेक्षा बरं. शहरात एक मीटर दुसऱ्याला निरोप देतो अशी जी रेडिओची साखळी वापरतात, ती खानापूरच्या जंगलात विरळ घरांमुळे तुटते.

सगळ्यात अवघड काम यंत्राचं नाहीच. कुठला पंप कुठल्या टीसीवर, ही यादी खरी ठेवणं अवघड आहे. कागदावर आरआर नंबर (जोडणीचा क्रमांक) एका टीसीच्या नावावर असतो. तो टीसी उन्हाळ्यात जळतो. ग्रामीण भागात बदलायला नियमाने ७२ तास लागू शकतात. ऊस तेवढं थांबत नाही. मग लोक वायर ओढून शेजारच्या टीसीवर जातात, आणि नवा टीसी आला तरी तिथेच राहतात. त्यात अक्रम-सक्रममध्ये (बेकायदा जोडण्या नियमित करण्याची सरकारी योजना) नियमित होण्याची वाट पाहणारे पंप वेगळे. ते रानात असतात, यादीत नसतात. अशा यादीवर कितीही महागडं सॉफ्टवेअर चढवलं तरी ते खोटंच बोलणार. वर्षातून दोनदा, खरिपाआधी आणि गाळप सुरू होताना, लाइनमनने टीसी-टीसी फिरून पंप मोजणं आणि खांबावर ठळक अक्षरांत टीसीचा नंबर रंगवणं, या दोन गोष्टींना स्मार्ट ग्रिडच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम हवी. सहसा नसते.

दुसरं काम त्याहून स्वस्त. पंपाच्या मोटारीचा पॉवर फॅक्टर (ओढलेला करंट कितपत कामी येतो त्याचं माप) ०.८ च्या घरात असतो. दोन मेगावॅटचा भार या पॉवर फॅक्टरने अकरा केव्हीच्या तारेवरून न्यायचा तर १३१ अँपिअर लागतात. तोच ०.९५ वर आणला तर ११० पुरतात. तारेतली गळती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळपास तीस टक्क्यांनी उतरते. त्यासाठी पाच एचपीच्या मोटारीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर पुरतो. तो स्टार्टरच्या मोटारीकडच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटार बंद झाली की तोही सुटतो. लाइनच्या बाजूला जोडला तर रात्री मोटारी बंद असताना व्होल्टेज विनाकारण वर चढतं. शेतकरी कपॅसिटर काढून टाकतात यामागे ‘तो करंट खातो’ हा समज आहे, आणि स्वस्तातले कपॅसिटर फुगून फुटतात हा अनुभवही. दुसऱ्यावर इलाज आहे: कंपनीने स्वतः चांगल्या दर्जाचे घ्यावेत, बसवावेत, बदलावेत. वीज फुकट देणाऱ्या सरकारला हा खर्च जड जायचं कारण नाही.

आणि तो ऑटो. ऑटो काढा म्हणून दरवर्षी जाहीर आवाहन होतं आणि दरवर्षी कुणी काढत नाही. का काढेल? लाइन रात्री दोनला येणार असेल तर माणूस रानात जागत बसेल का? सापाची भीती आहे, खानापूरकडे गव्यांची आहे. ऑटो काढायला सांगण्यापेक्षा त्यात उशिराचा टायमर घाला. एका टीसीवरच्या पंधरा मोटारी वीस-वीस सेकंदांच्या अंतराने उठल्या तर पाच मिनिटांत सगळ्या चालू होतात आणि सहाशे अँपिअरचा धक्का नाहीसा होतो. हा टायमर स्टार्टरच्या पेटीत मावतो. अख्ख्या देशाच्या स्मार्ट ग्रिडमध्ये एवढी कमी खर्चाची आणि एवढी गुणकारी वस्तू दुसरी सापडणार नाही. पण तिचं उद्घाटन करता येत नाही!

इतकं झालं की मग सूर्याकडे वळता येतं.

पंतप्रधान कुसुम योजना २०१९ ची. तिच्या ‘क’ भागात अख्खा शेती फीडर सौर करण्याची सोय आहे: सबस्टेशनजवळ प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट त्याच फीडरच्या पंपांना द्यायची. केंद्राची मदत मेगावॅटमागे १ कोटी ५ लाखांपर्यंत. महाराष्ट्राने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून हीच वाट मोठ्या प्रमाणावर धरली आहे. बेळगावच्या उसाच्या पट्ट्याला ही कल्पना इतकी चपखल बसते की ती आधीच पूर्ण झालेली नसणं हेच नवल.

हिशेब करून पाहू. फीडरवर पाच एचपीचे चारशे पंप. एक पंप तारेवरून साधारण ४.८ किलोवॅट ओढतो. सगळे एका वेळी चालत नाहीत; सत्तर टक्के धरले तर भार साडेतेरा-शे किलोवॅटच्या आसपास. कर्नाटकात शेतीला सात तास थ्री फेज द्यायची पद्धत आहे, म्हणजे दिवसाला साडेनऊ हजार युनिट. दोन मेगावॅटचा सौर प्रकल्प, किलोवॅटमागे रोज साडेचार युनिट धरली, तर नऊ हजार युनिट देतो. जागा आठ ते दहा एकर. आणि उसाला सगळ्यात जास्त पाणी लागतं फेब्रुवारी ते मे, म्हणजे ऊन कडक असतं तेव्हाच. अशा विजेचा दर साडेतीन रुपयांच्या आत पडू शकतो. लांबून आणून शेताच्या टोकाला पोचवलेलं युनिट कंपनीला त्याच्या दुपटीहून महाग पडतं. शेतकऱ्याला दिवसा पाणी, सरकारला अनुदानात बचत. दोघांचा फायदा एकाच वेळी होणाऱ्या योजना फार नसतात.

अडचण जुलैत येते. पावसात पंपांचा भार दहाव्या हिश्श्यावर जातो. ढगांमुळे सौर वीजही कमी, पण मध्येच दोन तास लख्ख ऊन पडलं की दीड मेगावॅट तयार होतात आणि फीडरवर घ्यायला कुणी नसतं. ही वीज उलटी वाहते, अकरा केव्हीकडून ३३ कडे. सबस्टेशनचा पाच एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ते सहज पेलतो. पेलत नाहीत ते जुने रिले (बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणारी यंत्रं), ज्यांना वीज एकाच दिशेने येते एवढंच ठाऊक. ते एकतर विनाकारण ट्रिप होतात किंवा खरा बिघाड ओळखतच नाहीत. तिथे दिशा ओळखणारे रिले हवेत, दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर हवा, आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्टेज सांभाळणारी यंत्रणा चालू स्थितीत हवी. नाहीतर प्रकल्पाजवळ व्होल्टेज चढतं आणि ते ११० टक्क्यांवर गेलं की इन्व्हर्टर नियमाप्रमाणे दोन सेकंदांत स्वतःला बंद करून घेतात. ठेकेदार म्हणतो ग्रिड खराब, कंपनी म्हणते प्रकल्प खराब. दोघंही अर्धे खरे.

दुसरी अडचण वर्षभराची आहे. फीडर मेला की सौर प्रकल्पही मरतो, मरायलाच हवा, नाहीतर लाइनवर चढलेला लाइनमन जीवाला मुकेल. म्हणजे भर दुपारी एक तास फीडर बंद राहिला तर दोन मेगावॅटच्या प्रकल्पाची दीड हजार युनिटं वाया. आजपर्यंत फीडर बंद पडला की कंपनीचा ‘तोटा’ होत नव्हता. फुकटची वीज द्यायची वाचली, असाच हिशेब. सौर प्रकल्प आल्यावर प्रत्येक बंद तासाला किंमत येते. माझ्या मते सौर फीडरचा सगळ्यात मोठा लाभ हाच: लाइन चालू ठेवण्यात कंपनीचा स्वतःचा स्वार्थ तयार होतो.

लाइन चालू ठेवणं म्हणजे काय, हे खानापूरला जाऊन पाहावं. भीमगडच्या बाजूला पावसाळ्यात बांबू आणि फांद्या तारेला घासतात. उघड्या लाइनवरचे सत्तर-ऐंशी टक्के बिघाड क्षणिक असतात, फांदी बाजूला झाली की लाइन ठीक. पण सबस्टेशनात ब्रेकर ट्रिप झालेला असतो आणि एक लाइनमन पावसात वीस किलोमीटरची लाइन चालत तपासतो, कारण बिघाड कुठे आहे हे सांगणारं काहीच नाही. इथे दोन वस्तू हव्यात. एक ऑटो-रिक्लोजर: लाइन ट्रिप झाली की काही सेकंद थांबून स्वतःच पुन्हा जोडून पाहतो, दोन-तीनदा, तरीही बिघाड राहिला तर सोडून देतो. फीडरवर असे दोन बसवले की त्याचे तीन तुकडे होतात आणि शेवटच्या तुकड्यातल्या फांदीमुळे पहिल्या तुकड्यातली गावं अंधारात जात नाहीत. दुसरी वस्तू म्हणजे बिघाडाचा करंट जिथून गेला तिथे लुकलुकणारा दिवा. फाट्यावर उभं राहून कळतं, डावीकडे जायचं की उजवीकडे. जंगलातल्या पट्ट्यात झाकलेली तार घालता आली तर फारच छान, पण ती महाग आहे आणि दिवे आधी बसवता येतात.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. तुटून कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून इतका कमी करंट जातो की साधा रिले ती ओळखत नाही. रिक्लोजर तिला पुन्हा जिवंत करू शकतो. म्हणून एलसी (कामासाठी लाइन बंद ठेवण्याची परवानगी) घेताना रिक्लोजर हातावर घेणं, म्हणजे त्याचं आपोआप जोडणं बंद करणं, कुलूप लावणं आणि तशी वहीत नोंद करणं हे शिकवल्याशिवाय ही यंत्रं बसवू नयेत. लाइनमनच्या मदतीला असलेल्या कंत्राटी पोरांना हे शिकवतं कोण?

आता जिल्हा एकदम नजरेसमोर आणा. सौंदत्तीकडच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबर जोरात चालतात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साखर कारखान्यांची धुरांडी पेटतात, आणि त्यांचे सहवीज प्रकल्प. फेब्रुवारी ते मे ऊन. घटप्रभेवर हिडकलच्या धरणाला ३२ मेगावॅटचं वीजघर आहे, ते कालव्याला पाणी सुटेल तेव्हा. एकाच जिल्ह्यात वर्षभराची पाळी निसर्गाने लावून दिलीय. फार थोड्या जिल्ह्यांच्या नशिबी हे असतं. ऑक्टोबरचा काळ तेवढा मधला खड्डा: वारा पडलेला, गाळप सुरू व्हायचं, ऊन ठीकठाक. २०२३ चा दुष्काळ आठवा. त्या ऑक्टोबरात राज्य सरकारने वीज कायद्याचं कलम ११ वापरून राज्यातल्या सगळ्या वीजनिर्मात्यांना बाहेर वीज विकायला मनाई केली आणि उत्तर प्रदेश, पंजाबकडून उसनी वीज आणली.

या पाळीत सगळ्यात दुर्लक्षित आहे तो कारखाना. ऊन गेल्यावर, संध्याकाळी सहा ते दहा, राज्याला विजेची खरी तहान लागते. सौर वीज जितकी वाढेल तितकी ही संध्याकाळची चढण उभी होत जाणार. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे कारखान्याचं जळण असलेला चोथा, निघतो, आणि तो ढीग मारून ठेवता येतो. म्हणजे आपल्याकडे बॅटरी आहे, फक्त ती कारखान्याबाहेर रचलेली आहे. कारखानदार लगेच सांगतील की गाळप चालू असताना बॉयलर कमी-जास्त करता येत नाही, रसाला वाफ लागतेच. खरं आहे. पण आधुनिक टर्बाइनमध्ये प्रक्रियेला वाफ काढून दिल्यावर उरलेली वाफ कंडेन्सरकडे जाते, आणि तेवढा हिस्सा दुपारी आवरता, संध्याकाळी वाढवता येतो. सगळी वीज नव्हे, वरची मलई. त्यासाठी कारखान्याला दिवसभर एकच दर देणं थांबवून संध्याकाळच्या चार तासांना जास्त आणि दुपारला कमी दर दिला पाहिजे. आज त्याला दुपारी बगॅस वाचवायचं काहीच कारण नाही. ढिगाला आग लागते, पावसात उष्मांक घसरतो, ते नुकसान दरात धरावं लागेल.

सौंदत्तीजवळ नविलतीर्थच्या जलाशयाचं पाणी दुपारी डोंगरावर चढवून संध्याकाळी खाली सोडायचा हजार मेगावॅटहून मोठा प्रकल्प आकार घेतोय. चांगलं आहे. पण ती वीज मोठ्या लाइनीवरून दूर जाणार. यरगट्टीच्या टोकाच्या टीसीवर त्याने एक व्होल्ट वाढणार नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

बेळगाव शहराचा यातला वाटा फाउंड्रीचा. उद्यमबाग-मच्छेच्या इंडक्शन भट्ट्या टनाला पाच-साडेपाचशे युनिट घेतात. वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, म्हणून वितळवण्याचं काम रात्रपाळीत. आता काटा उलटा फिरतोय: २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार सूर्य असतानाच्या तासांचा दर किमान वीस टक्के कमी असावा, अशी दिशा आहे. फाउंड्रीवाल्यांनी साचे रात्री आणि धातू दुपारी, अशी पाळी फिरवायची तयारी आतापासून करावी. मजुरांनाही ती मानवेल. त्या बदल्यात त्यांनी व्होल्टेजच्या खड्ड्यांचा हिशेब मागावा. अर्ध्या सेकंदाचा खड्डा बिलावर दिसत नाही, पण भट्टीचं नियंत्रण ट्रिप होतं आणि कास्टिंग भंगारात जातं.

घरांचं काय? २०२३ पासून राज्याच्या गृहज्योती योजनेत दोनशे युनिटांपर्यंत बिल शून्य. त्याच वेळी २०२४ पासून केंद्राची सूर्यघर योजना छतावरच्या तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान देऊ करते. ज्याचं बिलच शून्य आहे तो गच्चीवर लाखभराचं सामान कशाला चढवेल? दोन्ही योजना एकमेकींच्या पायात पाय घालतात. गृहज्योतीची रक्कम पाच वर्षांची एकदम देऊन छत सौर करून द्या, असा विचार तरी मांडायला हवा. अशा घरांत आज पाच हजारांचा मीटर बसवून मिळणार काय? वसुलीचं बिलच नाही. वसुली सुधारते, थकबाकी उरत नाही हा प्रीपेड मीटरच्या बाजूचा खरा मुद्दा आहे, आणि तो दुकानं, कार्यालयं, पाणीपुरवठ्याच्या मोटारी यांना लागू पडतो. तिथे बसवा. सरकारी खात्यांपासूनच सुरुवात करा.

मीटर घरी येईल तेव्हा तो कुठल्या भाषेत बोलेल हाही प्रश्न आहे. केंद्रीय नियमांत स्मार्ट मीटर बसताच वेळेनुसार दर लागू करण्याची तरतूद आहे. सहा वाजता दर चढला हे निपाणीच्या किंवा खानापूरच्या म्हातारीला मोबाईलवर फक्त कन्नडमध्ये कळलं, तर तिला ते कळलंच नाही. १९५६ च्या केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या निवेदनात तालुका किंवा नगरपालिकेच्या पातळीवर पंधरा-वीस टक्के लोक दुसऱ्या भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं आहे. जुन्या छापील बिलात दुसरी भाषा घालायची म्हणजे कागद आणि छपाई. स्मार्ट मीटरच्या संदेशाला फुकट. १९१२ वर तक्रार नोंदवताना, लाइन बंदची सूचना देताना, थ्री फेजचं वेळापत्रक पाठवताना मराठीचा पर्याय ठेवायला सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ लागते. तेवढी मागणी आपल्या संघटनांनी वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत, आकड्यांसह, कागदावर मांडावी. या सुनावण्यांना आपली माणसं फारशी जात नाहीत. मोर्चाला जातात.

सुरुवात कुठे करायची, तर हुक्केरीत. तिथे १९६९ पासून ग्रामीण वीज सहकारी संस्था तालुक्याचं वीजवितरण सांभाळते. देशात अशा संस्था बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. निर्णय घेणारा माणूस आणि जळालेला टीसी यांच्यातलं अंतर तिथे कमी आहे. एक शेती फीडर निवडावा. त्यावरचे सगळे टीसी मोजावेत, पंपांची यादी खरी करावी, कपॅसिटर आणि टायमर बसवावेत, दोन रिक्लोजर, पाच-सहा दिवे, आणि सबस्टेशनालगत दोन मेगावॅटचे पॅनेल. मग दर महिन्याला चार आकडे गावच्या फळ्यावर लावावेत: फीडरला किती युनिट शिरली, टीसींवर किती पोचली, किती तास बंद होता, किती टीसी जळाले.

यातलं लाइन बंद ठेवून करायचं सगळं काम दिवाळी ते संक्रांत एवढ्यातच उरकावं लागेल. पावसाळ्यात खांबावर चढता येत नाही, आणि फेब्रुवारी लागला की उसाच्या पाण्याच्या पाळीत कुणी एक दिवसाचीही एलसी देऊ देणार नाही.